चौसा कॅमेरा

आमच्या समोरच्या खोलीतले सटवाआबा कोथिंबिरीच्या जुडीचा भावसुदीक तोंडानं इचारायचे न्हाईत. खांद्यावरची मोठी पांढरी दस्ती काढायची, हातावर पसरायची, आन समोरच्यानं तिच्याखाली हात घालायची वाट बघत उभं ऱ्हायचं. मंग बोटाबोटांनी भाव. मी धारूरला नवी सून म्हनून आले तवा पैल्याच आठवड्यात बघितलं, एसटीतला कंडक्टर तिकिटाचे पैसे मागायलाय आन आबा त्येच्यापुढं दस्ती धरून बसलेत. कंडक्टर नवा व्हता. त्याला वाटलं म्हाताऱ्याला वलटी व्हायली, त्यो गाडी थांबवा म्हनून वरडला.

न्हावी बिचारा सवयीनं हात घालायचा. भाजीवाल्या बायांचं मातर अवघड. परक्या बाईचा हात धरायचा न्हाई हे आबालाबी कळत व्हतं, म्हनून ते टोपल्यावर दस्तीचं टोक टाकायचे आन तिच्याखाली मिरच्या मांडायचे. चार मिरच्या म्हंजी चार रुपये. बाईनं एक वाढवायची, आबांनी एक काढायची. तवर मागं बायांची रांग. त्या म्हनायच्या, आबा, मेथी घ्यायलात का लेकीचं लगीन जमवायलात, आमाला सैपाक हाय घरी.

आबा नेकनूरच्या बैलबाजारातले जुने दलाल. इकनारा आन घेनारा ह्येंच्या मधी उभं ऱ्हायचं, एकाचा हात दस्तीखाली धरायचा, मंग दुसऱ्याचा, आन चारचौघांत भाव न फोडता सौदा जुळवायचा. त्येंचा एक हात दस्तीखाली आन दुसरा मिशीवर. मिशीवरचा हात खाली आला की समजायचं, पटलं. बोटांचा हिशेब त्येनी मलाबी सांगितलाता. एक बोट धरलं की एक, दोन धरले की दोन, पेरावर दाबलं की आर्धं. आन सौदा झाला की म्हनायचे, "भाव दस्तीत ऱ्हावा, वस्तीत जाऊ न्हाई." हे वाक्य गल्लीतल्या पोरांना इतकं पाठ झालतं की आबा दिसले की लांबूनच वरडायचे, आबा, दस्तीत का वस्तीत? आबा न चिडता म्हनायचे, "तुज्या बापाचा हुंडा म्याच ठरवलाय दस्तीत. सांगू का वस्तीत?" पोरं गप.

पन त्येंचा बाजार उतरायला लागलाता. ट्रॅक्टर आले, बैलं कमी झाले, आन जे इकायला येतेत ते घरूनच मोबाईलवर भाव सांगून येतेत. तरी आबा दर आयतवारी पैल्या गाडीनं नेकनूरला जायचे, खांद्यावर धुतलेल्या दस्तीची घडी. संध्याकाळी परत यायचे तवाबी घडी तशीच असायची. एक सुरकुती न्हाई.

मी भित्री हाय, हे आधीच सांगते. सातवी झाले आन लगीन झालं. हे पुन्याला कंपनीत, दोन म्हैन्याला एकदा यायचे, घरात सासूबाई, मी आन कोमल. फोन वाजला तरी मी देवाचं नाव घ्यायची, टपालवाला आला तरी घ्यायची, आन कोमल झाल्यापसून तर ते नाव तोंडातनं हाललंच न्हाई.

कोमल सात वर्साची. घरात नुसती मैना, सकाळी डोळे उघडले की तोंड चालू, कोंबडीला नावं ठिवती, आज्जीच्या चुका काढती, ह्याला कावून असं आन त्याला कावून तसं. पन उंबरा वलांडला की तोंडाला कुलूप. दुकानदाराला बोलायची न्हाई, पावन्याला न्हाई, शाळेत तर न्हाईच न्हाई. दुसरीत गेली तरी सरांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. पाटीवर सगळं बरुबर लिवायची, पन हजेरीला नुसती उभी ऱ्हायची आन सर मान वर करून बघून घ्यायचे. डाक्टरनं जीभ बघितली, कान बघितले, म्हनला काहीच न्हाई, बोलल आपून होऊन. एका बाईनं दिष्ट काढली. एकीनं तर मला तोंडावर इचारलं, पोटुशी असताना कुनाचा तळतळाट घेतला गं. मी रातभर तेच आठवत बसले, कुनाचा घेतला.

मंग सरांनी एक कागद दिला. सर चांगले व्हते, वाईट बोलले न्हाईत. म्हनले, लांबच्या गावाला मुक्या लेकरांची शाळा हाय, तितंच ऱ्हायचं, जेवन तितंच, इथं राहून हिचं नुकसान व्हायलंय. दिवाळीच्या सुट्टीआधी सही करून द्या, मागून जागा मिळायची न्हाई. म्या म्हनलं, सर, ती मुकी न्हाई, घरी बोलती. सर म्हनले, "ताई, म्या दीड वरीस वाट बघितली. मला कदी ऐकू आलं न्हाई." म्या त्यो कागद तुरीच्या डाळीच्या डब्यात ठिवला, तळाला. तवापसून डाळ वरवरूनच काढायची.

आबाला सासूबाईनं सांगितलं. आबांनी कोमलकडं बघितलं, असं खालून वर, जनावराकडं बघतेत तसं, आन म्हनले, "मुकं न्हाई हे. भाव झाकून हाय." आन त्या दिवसापसून आमच्या पायरीवर एक नवंच सुरू झालं. शाळा सुटली की आबा दस्ती मांडीवर पसरून बसायचे, कोमल येऊन टेकायची आन हात खाली घालायची. कुनी बोलायचं न्हाई. बऱ्याच येळानं आबा मला आत बघून सांगायचे, पोर म्हंती आज खिचडीत मीठ न्हवतं. पोर म्हंती पुढं बसनारी पोरगी केस वढती. मी दुसऱ्या दिवशी पोरीला घरी इचारायची, खिचडीत मीठ न्हवतं का गं, तर ती म्हनायची, तुला कोनी सांगितलं. मला वाटायचं, बरं हाय, एका मानसाशी तरी बोलती, बोटानं का हुईना.

पाच-सहा दिवसांनी शाळेत फोटूवाला आला, लेकरांचे वळखपत्रासाठी फोटू काढायला. मला सरांनी बोलावलं, कोमलला धरून उभी करा म्हनून. आबाबी मागं आले, त्येंना काय काम. कोमलचा फोटू कसाबसा निघाला, मान खाली. पन मंग ती फोटूवाल्याच्या मागं जाऊन उभी राहिली. त्याच्या हातातल्या कॅमेऱ्याला मागं बारकी काच व्हती, तिच्यात समोरचं लेकरू दिसायचं, आन बटन दाबलं की तसंच थिजायचं. कोमल त्या काचेकडं बघत सगळी शाळा संपस्तोर उभी. शेवटी फोटूवाला म्हनला, दाबती का? तिनं दाबलं. समोर कोनीच न्हवतं, नुसती लिंबाखाली आबाची चप्पल आन आबा.

घरी येताना आबा म्हनले, "सुनबाई, आज पोरीनं जनावराला हात लावला." म्या म्हनलं, काय आबा? म्हनले, "घेनारा आपून होऊन ज्या जनावराला हात लावतो ते त्यानं घेतलेलंच असतंय. भाव मागून ठरतो. आयतवारी बीडला जायचं. पैशाचं मपल्याकडं. तू फकस्त खोक्यावरचं वाचून दाव, मला अक्षर न्हाई."

मी घाबरले. परक्या मानसानं एवढी म्हाग वस्तू घ्यायची, लोक काय म्हनतील, आन पोरीनं पाडली तर, आन ह्येंना फोनवर काय सांगायचं. ह्येंना सांगितलं तर म्हनले, तिला वाचा न्हाई आन तुमी कॅमेरे घ्या. आन फोन कट. म्या आबाला नको म्हनायला गेले, तर ते दस्ती धूत बसलते, नीळ घालून. मी तशीच माघारी आले.

आयतवारी आमी तिघं गाडीत बसलो. नेकनूर आलं. बाजार रस्त्यावरूनच दिसतो, थोडी जनावरं, थोडी मानसं. आबा उठले, मला वाटलं उतरतेत, पन ते नुसते खिडकीतून वाकून बघून परत बसले. म्हनले, "सात दावणी व्हत्या आपल्या येळंला." कोमल त्येंच्या मांडीवरच्या दस्तीखाली हात घालून बसली.

बीडचं दुकान मोठं व्हतं, टीव्ही, मिक्सर, घड्याळं, आन एका काचेत कॅमेरे. मालक कपाळाला भस्म लावलेले, पन्नाशीचे, सगळे त्येंना अप्पा म्हनायचे. अप्पांनी दोन कॅमेरे काढले, एक काळा, एक चांदीसारखा, दोन्ही तळहातायेवढे. म्हनले, हा सहा मेगापिक्सेल, हा चार. आबांनी माझ्याकडं बघितलं. म्या खोकं वाचलं, सगळं इंग्रजी, मला फकस्त आकडा कळला. म्या म्हनलं, आबा, हेच्यावर सहा हाय आन हेच्यावर चार.

"सहादाती आन चौसा," आबा म्हनले.

अप्पा म्हनले, काय?

"बैलाचं वय दातावर. सहादाती वय झाल्यालं असतंय. लेकराच्या हाताला चार दाताचा चौसा बरा, शिकवलं की शिकतो."

अप्पांनी समजावून सांगितलं की आकडा मोठा तेवढा फोटू चांगला, ह्याचा दाताशी काही संबंध न्हाई. आबांनी सगळं ऐकून घेतलं आन म्हनले, इकनारा म्हातारं जनावर पुढं करनारच, त्याला म्या नावं ठिवत न्हाई. मंग चौसा हातात घेतला. काचेपुढनं हात फिरवला, डोळा हालतो का बघायला. मागं जाऊन टाळी वाजवली, बुजतं का बघायला. दुकानातलं गिऱ्हाईक बुजलं, कॅमेरा बुजला न्हाई. पोटाखाली बघितलं, बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा हुडकतेत तसं. मंग इचारलं, खातं काय?

अप्पा म्हनले, सहावाल्याला लाईटवर चार्ज करायचं, ह्याला दोन पेन्सिल सेल.

"आमच्याकडं दिवसातनं बारा घंटे लाईट नसती. सहादाती उपाशी मरल," आबा म्हनले. अप्पा पैल्यांदा आबाकडं नीट बघायला लागले.

मंग अप्पा कपाटातून बंद खोकं काढायला गेले, तर आबा म्हनले, ते नको, हेच. अप्पा म्हनले, हे दाखवायचं हाय, चार लोकांनी हाताळलेलं, तुमाला कोरं देतो. आबा म्हनले, "बंद गोठ्यातलं जनावर कोन घेतंय? म्या ह्याला चालवून बघितलंय." आन दस्ती पसरली. अप्पा हसले, म्हनले, आबा, हितं फिक्स रेट. आबा म्हनले, भावाचं मागून बघू, आधी घेनाऱ्याचा शबूद.

आन तितं मला कळलं आबाच्या मनात काय हाय. त्येंच्या बाजारात कायदा व्हता. भाव दलालानं जुळवायचा, पन 'घेतला' हा शबूद घेनाऱ्यानं सोताच्या तोंडानं चारचौघांत बोलायचा. दलाल बोलला तर सौदा मोडला. आबा कोमलकडं वळून म्हनले, "मालकीनबाई, बोला."

कोमलनं मान खाली घातली. म्या म्हनलं, आबा, बोलत न्हाई म्हनून तर सगळं हाय. आबा म्हनले, मंग थांबू. आन दुकानात स्टुलावर बसले. एक घंटा. गिऱ्हाईक यायचं, जायचं, सगळे कोमलकडं बघायचे. शेवटी गाडीची येळ झाली. आबांनी कॅमेरा अप्पांच्या हातात दिला, म्हनले, आयतवारी येतो, दुसऱ्याला दाऊ नका. आमी रिकाम्या हातानं आलो.

दुसऱ्या आयतवारी पुन्ना. पुन्ना काचेपुढं हात, पुन्ना पोटाखाली बघनं, पुन्ना स्टूल. अप्पांनी आमाला च्या पाजला. मधी सरांनी इचारलंतं कागदाचं. म्या आबाला म्हनलं, मीच म्हनते घेतला, मी आई हाय तिची. म्हनलंबी, मोठ्यानं म्हनलं. आबा म्हनले, "जनावर तुला सांभाळायचंय का तिला?" आन मंग माझ्या हातून जे झालं ते लिवायला नको वाटतं. म्या पोरीला काउंटरच्या आड घेतलं आन दंडाला चिमटा काढला. जोरात. म्हनलं, बोल की एक शबूद, का तुला त्या शाळंत ठिवून येऊ. तिच्या डोळ्यांत टचकन पानी आलं, पन तोंडातनं वरडलीसुदीक न्हाई. आबांनी बघितलं. गाडीत येताना तिनं माझ्याजवळ न बसता आबाकडं जाऊन दस्तीखाली हात घातला, आन नेकनूर गेलं तरी आबांनी बाहीर बघितलं न्हाई. धारूरला उतरल्यावर म्या इचारलं, काय म्हनली? आबा म्हनले, "म्हंती, आई भेलीय." मी तितंच स्टँडवर तोंडाला पदर लावून रडले. पोरगी माझा पदर धरून उभी.

तिसरा आयतवार. दुसऱ्या दिवशी सोमवार, सोमवारी कागद द्यायचा, त्याच आठवड्यात सुट्टी लागनार. म्या सकाळीच डब्यातनं कागद काढून पिशवीत घातला, आता जे व्हईल ते व्हईल म्हनून. त्या दिवशी म्या पोरीला काहीच बोलले न्हाई. दुकानात आबाबी काही बोलले न्हाईत. 'मालकीनबाई बोला' सुदीक न्हाई. कॅमेरा कोमलच्या हातात दिला आन आपून स्टुलावर दस्ती मांडीवर घिऊन बसले, डोळे मिटून, देवळात बसल्यासारखे. कोमलनं काचेतनं घड्याळं बघितले, मिक्सर बघितला, अप्पांचं भस्म बघितलं. दुपार झाली. अप्पांना जेवायला जायचं व्हतं. ते म्हनले, "आबा, तिसरा आयतवार हाय. सोडा आता. लेकराला तरास हाय." आवाज गोड व्हता त्येंचा. त्येनी कोमलच्या हातनं कॅमेरा हळूच काढून घेतला, बटन दाबलं आन खोक्यात घालायला लागले.

लोकांनी दाबूदाबू त्याचे सेल उतरले असतील. पुढं आलेली नळी आत गेलीच न्हाई, तशीच बाहीर. अप्पांचं ध्यान न्हवतं, ते तशीच दाबून झाकन लावायला लागले.

"थांबा की. त्येनं डोळा मिटला न्हाई अजून."

मला आधी कळलंच न्हाई कोन बोललं. आवाज घरातला व्हता, कोंबडीला रागवायचा, आन त्यो बीडच्या दुकानात कसा आला. अप्पांचे हात खोक्यात तसेच. कोमल काउंटरला धरून टाचा उंच करून उभी व्हती, लाल झालेली. म्हनली, "दुखल त्याला."

मी भीतीच्या मारं हाललेच न्हाई, हालले तर पुन्ना बंद व्हईल असं वाटलं. आबांनी डोळे उघडले. मला वाटलं आता पोरीला उचलतेत, शाबास म्हनतेत. तिच्याकडं बघितलंबी न्हाई त्येनी. अप्पांना म्हनले, "ऐकलं न्हवं? गिऱ्हाइकानं खोड काढली."

अप्पा म्हनले, तुमचा शबूद तर 'घेतला' व्हता.

"खोड काढील तेच खरं गिऱ्हाईक. वा वा म्हनतंय ते हात झटकून जातंय. चाळीस वर्सं बघितलंय. घेतलाच की हो तिनं."

अप्पांनी नवे सेल आनले, घातले, नळी आत गेली, डोळा मिटला. कोमलनं दोनदा उघडून, दोनदा मिटवून बघितला. आन मंग अप्पा, ज्येंच्या दुकानात फिक्स रेटची पाटी व्हती, ते काउंटरच्या बाहीर आले, बाह्या सारल्या आन दस्तीखाली हात घातला. दोघंबी एकमेकाच्या तोंडाकडं बघायलेत. आबाचा दुसरा हात मिशीवर. अप्पांनी मान हालवली, आबांनी हालवली, एकदा अप्पा हसले, एकदा आबा रागावले, आन मिशीवरचा हात खाली आला. काय भाव ठरला ते आजबी मला ठाव न्हाई. अप्पा एवढंच म्हनले, माझे वडील कापूस असाच इकायचे.

निघताना आबांनी कॅमेऱ्याला लावलेली काळी दोरी सोडली आन काउंटरवर ठिवली. अप्पा म्हनले, आवो ती त्याचीच हाय, मनगटाला आडकवायची. आबा म्हनले, "इकनारे दावं देत नसतेत. गोठ्याची बरकत जाती. ठिवून घ्या." आन खिशातनं गळ्यात घालायजोगं एक बारीक दावं काढलं, अंबाडीचं, लाल गोंडा लावलेलं, एक बारकं घुंगरू ववलेलं. तीन आयतवारांच्या मधी वळलं असंल. कॅमेऱ्याच्या भोकात बरुबर बसलं. पोरगी चालली की कॅमेरा वाजायचा.

सोमवारी मी कागद घिऊन शाळेत गेले, कोमल कॅमेरा घिऊन. सरांनी तिच्या गळ्यात बघितलं आन सवयीनं मला इचारलं, हे काय? म्या तोंड उघडायच्या आत कोमल म्हनली, "चौसा हाय."

सर खुर्चीतून उठले. ते बी खेड्यातलेच व्हते, त्येंना शबूद कळला, हसायला लागले आन मंग हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले. म्हनले, ताई, कागद ऱ्हाऊ द्या, सुट्टीनंतर बघू. त्या दिवसात ती तेवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी 'हजर' म्हनली, सरांनी सांगितलं, बारीक आवाजात, पन पाठीमागच्या बाकापरेंत गेला म्हनले. सुट्टीनंतर कागद कोनी मागितला न्हाई.

दिवाळीत धारूरच्या स्टुडिओत फोटू काढून आनले. किल्ला, कोंबडी, आज्जीचा तोंडातला एकच दात, माझा पदर, माझी पाठ, मी डाळ निवडताना. मी फोटूत इतकी भेदरलेली दिसते हे मला ठाव न्हवतं. शेवटी एक फोटू व्हता त्यो स्टुडिओवाला म्हनला बिघडलाय, फेकू का. म्या म्हनलं द्या. घरी आल्यावर उजेडात बघितला. कडंनी पांढरी दस्ती, तंबूसारखी, मधी लख्ख उजेड पडलेला. कोमलनं एका हातानं कॅमेरा दस्तीखाली घालून दाबलाता. आन मधी तिचा दुसरा हात.

मला बोटांचा हिशेब येतो. म्या बघितलं कोनतं बोट धरलंय, कोनत्या पेरावर दाब हाय. कोनतंच न्हाई. एकबी बोट वेगळं केलेलं न्हाई. सौद्यात दलालाचा एकच हात खाली असतो, दुसरा मिशीवर. ह्याच्यात आबाचे दोन्ही हात व्हते. पोरीचा हात मधी, त्येच्यावर त्येंचे दोन्ही, जशी चिमनी धरतेत तशी, न चेंगरता.

म्या फोटू घिऊन समोर गेले. आबा दस्तीची घडी घालायलते, दुसऱ्या दिवशी आयतवार व्हता. म्या म्हनलं, आबा, ह्याच्यात भाव कुठं हाय?

आबांनी फोटू लांब धरून बघितला, मंग जवळ धरून.

"भाव कुठला, सुनबाई. ती नुसती धरून बसायची. म्या तुला मनाचं काही सांगायचो."

म्या म्हनलं, खिचडीत मीठ न्हवतं ते? म्हनले, शाळेतल्या खिचडीत कदी असतंय? आन आई भेलीय म्हनली ते? आबांनी दस्ती उलगडली, मांडीवर पसरली.

"बाजारात आता हातात हात देत न्हाई कोनी," असं म्हनले, माझ्याकडं न बघता. "लांबूनच वरडतेत." मंग फोटू दस्तीखाली घेतला आन म्हनले, "हे वस्तीत जाऊ देऊ नको."

फोटू परत द्यायला त्येंचा हात बाहीर आला न्हाई. म्याबी मागितला न्हाई. पायरीवर घुंगराचा आवाज झाला, कोमल आली, आन आबाच्या शेजारी टेकून तिनं दस्तीखाली हात घातला.